वीस रुपयांच्या तिकिटातले पैसे जातात कुठे?

सांगलीच्या एसटी स्टँडजवळ किंवा मिरज स्टेशनबाहेर लॉटरीचं टेबल दिसलं की आपण दोनच गोष्टी बघतो: पहिलं बक्षीस किती आणि तिकीट कितीला. या दोन आकड्यांच्या मधे जे घडतं ते तिकिटावर कुठेच छापलेलं नसतं, आणि खरा व्यवहार तिथेच होतो. लॉटरी म्हणजे नशीब, असं म्हणून आपण तो विषय सोडून देतो. पण लॉटरी काढणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर त्यात नशिबाचा अंशही नाही. कोणाला बक्षीस लागणार हे त्याला माहीत नसतं, पण किती वाटायचं आणि किती ठेवायचं हे सोडतीच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं.

एक काल्पनिक योजना मांडून बघू. आकडे माझे आहेत, पण रचना साधारण कागदी लॉटरीची असते तशीच. दहा मालिका, प्रत्येक मालिकेत 00000 ते 99999 असे एक लाख नंबर, म्हणजे एकूण दहा लाख तिकिटं. तिकीट वीस रुपयांना. सगळी खपली तर दोन कोटी जमतात. त्यातली निम्मी रक्कम, एक कोटी, बक्षिसांना ठेवली.

आता हा एक कोटी कसा वाटायचा? पहिलं बक्षीस 25 लाखांचं, एकच. त्यासाठी मालिका आणि पाचही अंक जुळायला हवेत. दुसरं एक लाखाचं. नंबर जुळला की मालिका कुठलीही चालेल, म्हणून दहा जणांना. पुढची बक्षिसं शेवटच्या चार अंकांवर. चार अंकांचा एक नंबर काढला की दहा लाखांत बरोबर 100 तिकिटांवर तो सापडतो. असा एक नंबर पाच हजारांसाठी, पाच नंबर हजारासाठी, शंभर नंबर दोनशे रुपयांसाठी आणि साडेतीनशे नंबर शंभर रुपयांसाठी. बेरीज केली की बरोबर एक कोटी होतात.

किती जणांना काहीतरी लागलं? 45,611 जणांना. ऐकायला बरं वाटतं. पण त्यातल्या 45,000 जणांना शंभर किंवा दोनशे रुपये लागलेत. हजार किंवा त्याहून जास्त मिळालेले 611. लाख किंवा त्याहून जास्त मिळालेले अकरा. ज्यांच्या हाती काहीच आलं नाही असे साडेनऊ लाखांच्या वर. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत या तिन्ही गावांतल्या प्रत्येकाच्या हातात दोन-दोन तिकिटं दिली, तर त्यातलं एक तिकीट 25 लाखांचं.

ही शंभर-दोनशेची बक्षिसं कशाला ठेवायची, असा प्रश्न पडेल. त्यात 55 लाख गेले, पहिल्या बक्षिसाच्या दुप्पट. ती काढून टाकली तर पहिलं बक्षीस थेट 80 लाखांचं करता येईल. तरी कुठलाही शहाणा योजनाकार तसं करत नाही. शंभर रुपयांचं बक्षीस टेबलावरच मिळतं आणि फार वेळा टेबलावरच राहतं. माणूस त्याची पाच नवी तिकिटं घेतो आणि घरी जाऊन 'लागली' असं सांगतो. पंचवीस लाखांचं बक्षीस लागलेला माणूस कोणी पाहिलेला नसतो. शंभर रुपये लागलेला प्रत्येक गल्लीत एक तरी असतो. लॉटरीची खरी जाहिरात हीच, आणि तिचा खर्च बक्षिसांच्या खात्यातून निघतो.

आता उरलेल्या एक कोटीचं बघू. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वाटतं की हा सगळा सरकारचा नफा.

22 सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के जीएसटी आहे. त्याआधी 28 टक्के होता. हा कर छापील किमतीवर वेगळा लावत नाहीत, किमतीतच धरलेला असतो: 140 रुपयांत 40 रुपये कर, या हिशेबाने. म्हणजे वीस रुपयांच्या तिकिटात 5 रुपये 71 पैसे कराचे. आणि तो तिकिटाच्या पूर्ण किमतीवर आहे, बक्षिसं वजा करून उरलेल्यावर नाही. विक्रेत्यांच्या बाजूने याविरुद्ध भांडून झालं. बक्षिसाचा पैसा तर आमच्या हातून नुसता फिरतो, त्यावर कर कसला, असा त्यांचा मुद्दा होता. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. तेव्हा आपल्या दोन कोटींतले 57 लाख 14 हजार करात गेले. व्यापारी आणि टेबलवाल्यांचं कमिशन मिळून 12 टक्के धरू, म्हणजे 24 लाख. छपाई, वाहतूक, जाहिरात सहा लाख. शेवटी 'लॉटरीचा नफा' म्हणून सरकारी हिशेबात जे दिसेल ते 12 लाख 86 हजार. दोन कोटींच्या विक्रीवर!

म्हणून दर काही वर्षांनी कोणीतरी म्हणतं की राज्य लॉटरीतून फारसं काही सुटत नाही, बंद करा. त्या एका ओळीपुरतं ते खरंही असतं. पण जीएसटीचा निम्मा भाग, 28 लाख 57 हजार, राज्याच्याच तिजोरीत येतो, फक्त दुसऱ्या शीर्षाखाली. राज्याला नफ्यापेक्षा दुपटीहून जास्त मिळतं ते करातून, आणि लॉटरीच्या ताळेबंदात ते खर्च म्हणून दिसतं.

अजून संपलं नाही. लॉटरीच्या बक्षिसावर प्राप्तिकर सरसकट 30 टक्के आणि वर चार टक्के उपकर, एकूण 31.2 टक्के. नेहमीची करमुक्त मर्यादा इथे लागू होत नाही. आयुष्यभरात पाच हजारांची तिकिटं घेऊन वाया गेली असली तरी ती वजा करता येत नाहीत. पंचवीस लाखांतले 7 लाख 80 हजार कापून हातात 17 लाख 20 हजार येतात. (सांगलीच्या विश्रामबागेत बरा फ्लॅट यात बसत नाही.) बक्षीस 50 लाखांच्या वर असेल तर त्यावर अधिभारही चढतो. पहिल्या दोन बक्षिसांवरचा कर मिळवला की आपल्या दोन कोटींतून केंद्र आणि राज्य मिळून सुमारे 81 लाख घेतात, आणि बक्षिसवाल्यांच्या खिशात प्रत्यक्ष 89 लाख पडतात.

हे सगळं कायदेशीर आहे, आणि कायदाही वाचण्यासारखा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार आणि पैजा हा विषय राज्यांकडे दिलाय, पण सरकारांनी चालवलेल्या लॉटऱ्या केंद्राच्या यादीत, 40 व्या नोंदीत. त्या आधारावर संसदेने 1998 मध्ये लॉटरी नियमन कायदा केला. तिकिटं राज्याने स्वतः छापायची, त्यावर राज्याची मुद्रा हवी, सोडत राज्याने स्वतः आपल्या हद्दीत काढायची, विक्रीचा पैसा राज्याच्या खात्यात भरायचा, एकेरी आकड्यावर बक्षीस द्यायचं नाही, वर्षात सहाहून जास्त बंपर, म्हणजे सणावाराच्या मोठ्या बक्षिसाच्या सोडती, नाहीत, आणि एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत. ज्याचं बक्षीस मागायला कोणी येत नाही ते सरकारजमा.

आठवड्यात एकच सोडत, तरी टेबलावर रोज सोडत कशी असते? नावं वेगळी असतात म्हणून. केरळात आठवड्याच्या सात दिवसांना सात नावांच्या सात लॉटऱ्या आहेत. आपल्याकडच्या तिकिटांवर गणेशलक्ष्मी, महालक्ष्मी, सागरलक्ष्मी अशी नावं वाचून वाटतं की कोणा भाविक अधिकाऱ्याचं काम असावं. त्यात श्रद्धेचा भाग असेलही. पण कायद्याच्या हिशेबात ती प्रत्येक स्वतंत्र लॉटरी आहे. लक्ष्मीची रूपं इतकी आहेत हे योजनाकाराच्या पथ्यावरच पडलं.

एकेरी आकड्याची बंदी मात्र सरळ मटक्याकडे बोट दाखवणारी. महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली 12 एप्रिल 1969 रोजी. तो मुंबईतल्या मटक्याचा भराचा काळ. लोकांनी आकड्याकडे न जाता सरकारी तिकिटाकडे यावं, हा या योजनेचा सुरुवातीपासून सांगितलेला हेतू. इथे एक अडचणीचा हिशेब आहे. मटक्यात एकेरी आकड्याला साधारण एकाला नऊ मिळतात. दहांत एक संधी, म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी नव्वद परत. आपल्या काल्पनिक सरकारी तिकिटात शंभरातले पन्नास परत. मग बेकायदा धंदा जास्त उदार झाला की काय?

नाही, कारण टक्क्यांपेक्षा वेग महत्त्वाचा. नव्वद टक्के परत मिळालेली रक्कम पुन्हा लावली, पुन्हा लावली, असं दहा वेळा झालं की शंभराचे सरासरी पस्तीस उरतात. मटक्यात ओपन आणि क्लोज असे दिवसाचे दोन आकडे धरले तर दहा वेळा व्हायला आठवडाही लागत नाही, आणि वर उधारी चालते. तिकीट एकदाच घेऊन आठवडाभर वाट बघणाऱ्याचे पन्नास तरी उरतात. म्हणून 'एका लॉटरीची आठवड्यात एकच सोडत' हे कलम मला त्या कायद्यातलं सगळ्यात शहाणं वाटतं, आणि नावं बदलून ते कसं पातळ केलं गेलं याचं वाईटही वाटतं. 2001 नंतर ऑनलाइन लॉटरीची सेंटरं गावोगाव निघाली तेव्हा वेगाची ही गोष्ट लोकांना चांगलीच कळली. यंत्राने छापलेलं तिकीट, दिवसात कितीतरी सोडती. सरकारी शिक्का होता, पण चाल मटक्याची होती.

मिरजेच्या एका टेबलवाल्या मामांना विचारलं होतं, लोक घेतात ते कशाच्या आशेवर? ते म्हणाले, "आवो सर, लागंल म्हणून कोन घेतंय? सोमवार ते शनवार जरा बरं जावं म्हणून घेत्यात. खिशात तिकीट असलं की मान्सू चालतोय निराळा."

अर्थशास्त्र हेच जरा लांबण लावून सांगतं. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं की माणूस अगदी छोट्या शक्यतेला तिच्या लायकीपेक्षा जास्त वजन देतो. दहा लाखांत एक आणि कोटीत एक, यातला दहापट फरक डोक्याला जाणवतच नाही. दोन्हींचा अर्थ 'लागू शकतं' एवढाच होतो. बक्षिसाचा आकडा मात्र नीट जाणवतो. म्हणून लॉटरीवाले शक्यता कमी करतात आणि बक्षीस फुगवतात. अमेरिकेतल्या पॉवरबॉलने ऑक्टोबर 2015 मध्ये उघडपणे हेच केलं: पहिल्या बक्षिसाची संधी साडेसतरा कोटींत एक होती, ती सव्वाएकोणतीस कोटींत एक केली. जिंकणं अवघड झालं, म्हणून न लागलेलं बक्षीस पुढच्या सोडतीत साचत गेलं आणि जानेवारी 2016 मध्ये दीडशे कोटी डॉलरच्या पुढे पोचलं. दुकानांबाहेर रांगा लागल्या. ग्राहकाला कमी देऊन विक्री वाढवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसऱ्या धंद्यात सापडायचं नाही.

दुसरी गोष्ट नंबर निवडण्याची. टेबलावर आपण तिकिटं चाळतो, शेवटी सात आहे का बघतो, मुलाची जन्मतारीख शोधतो. एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कचेरीत काम करणाऱ्यांना एक डॉलरची तिकिटं विकली. काहींना स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. मग सोडतीआधी विचारलं, परत विकाल का? ज्यांना दिलं होतं त्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आसपास मागितले. ज्यांनी स्वतः निवडलं होतं त्यांनी साडेआठच्या वर. संधी दोघांची सारखीच होती. आपल्याकडे क्लिपला लटकवलेली तिकिटं हाताळायला मिळतात, त्याची किंमत अशी वसूल होते. आणि 'एका नंबरने हुकलं' हे तर मी कितीदा ऐकलंय. 45671 ला लागलं आणि आपलं 45670, तर ते जितकं हुकलं तितकंच 00012 सुद्धा हुकलं. पण हुकलेला माणूस पुढच्या आठवड्यात नक्की येतो.

आता परराज्यांचं. महाराष्ट्रातल्या टेबलावर सिक्कीम, नागालँड, अरुणाचल यांचीही तिकिटं का, हा प्रश्न रास्त आहे. कायद्याच्या पाचव्या कलमाने राज्याला परराज्यांची तिकिटं बंद करता येतात, पण 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्वतःची लॉटरी चालवणाऱ्या राज्याला दुसऱ्याची बंद करता येणार नाही. त्याच निकालात हेही आहे की सरकारने काढली म्हणून लॉटरीचा जुगारपणा जात नाही. कर्नाटकाने 2007 मध्ये सगळंच बंद केलं, स्वतःचंही. त्यामुळे मिरजेहून म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलात की तिकीट नाही. सीमेच्या अलीकडे मात्र परराज्यांचीही आहेत.

सिक्कीमची लोकसंख्या 2011 मध्ये जेमतेम सहा लाख होती. एवढ्यांना तिकिटं विकून लॉटरी चालत नाही. ती दुसऱ्या राज्यांतल्या लोकांना विकली तरच चालते. एवढ्या लांबवर विक्रीचं जाळं विणणं छोट्या राज्याला जमत नाही, म्हणून मधे मोठा वितरक येतो. तो राज्याला किमान हमी रक्कम देतो आणि खपाची जोखीम व वरचा फायदा स्वतःकडे ठेवतो. हा फायदा केवढा असू शकतो याची झलक मार्च 2024 मध्ये दिसली. निवडणूक रोख्यांची यादी उघड झाली तेव्हा सगळ्यात मोठी देणगीदार कंपनी निघाली ती लॉटरी वितरणातली फ्यूचर गेमिंग, 1,368 कोटी रुपयांची. पोलाद, सिमेंट, दूरसंचार सगळे तिच्या मागे.

केरळाची वाट वेगळी. 1967 मध्ये त्यांनी लॉटरीचं स्वतंत्र खातं काढलं. पहिली सोडत 26 जानेवारी 1968 ला, तिकीट एक रुपया, पहिलं बक्षीस 50 हजार. मधे बडा वितरक नाही, खात्यात नोंदलेले एजंट आणि त्यांच्याकडून तिकीट घेणारे फिरते विक्रेते, त्यात वयस्कर आणि अपंग बरेच. वर्षाची विक्री दहा हजार कोटींच्या पुढे गेलेली आहे. 2022 च्या ओणम बंपरला तिकीट 500 रुपयांचं आणि पहिलं बक्षीस 25 कोटींचं होतं. 'कारुण्य' नावाच्या लॉटरीचा पैसा गरिबांच्या मोठ्या आजारांवरच्या उपचाराला जोडला. ही जोडणी तिकीट घेणाऱ्याला हलकं वाटायला लावते: नाही लागलं तरी कोणाचं तरी डायलिसिस झालं. अर्थसंकल्प वाचणाऱ्याने मात्र थोडं सावध राहावं. आरोग्याला लॉटरीतून शंभर कोटी आले की आधी आरोग्याला जाणारे शंभर कोटी दुसरीकडे वळवणं कोणालाही सोपं जातं, आणि नाव मात्र लॉटरीचंच राहतं.

आणि हे शंभर कोटी देतं कोण? तिकीट सगळ्यांना वीस रुपयांचंच. महिन्याला बारा हजार कमावणारा माणूस रोज एक घेतो तेव्हा महिन्याला सहाशे, म्हणजे कमाईचे पाच टक्के देतो. सव्वा लाख पगारवाला तेवढंच घेईल तर अर्धा टक्काही नाही, आणि तो घेतही नाही. लॉटरीचा बहुतेक खप थोड्या, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर असतो हे परदेशी अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय; मामांचंही तेच म्हणणं, "बंपर सोडला तर तोंडं तीच." कोणी जबरदस्ती करत नाही, हे खरं. पाडव्याला किंवा दिवाळीला एखादं बंपर घेणाऱ्याला मी हसणार नाही. आठवडाभर मनात घर बांधायला ते महाग नाही. रोज दोनशेची तिकिटं घेणाऱ्याकडून सरकार जे घेतं तो कर आहे, आणि तो सगळ्यात दुबळ्या खांद्यांवर आहे. उत्पन्नानुसार कर लावायला राजकीय धैर्य लागतं. इथे एक पोस्टर पुरतं.

महाराष्ट्रात लॉटरीचं कामकाज ज्या आयुक्तालयाकडे आहे, त्याचं नाव आहे अल्पबचत व राज्य लॉटरी. पै-पै साठवा सांगणारं आणि तिकीट घ्या सांगणारं कार्यालय एकच. यावर हसू येतं, पण या दोन्हींची सांगड घालणारी एक योजना ब्रिटनमध्ये 1956 पासून चालू आहे, प्रीमियम बाँड नावाची. सरकारकडे पैसे ठेवा, व्याज मिळणार नाही. सगळ्यांच्या व्याजाची मिळून बक्षिसं काढली जातात. मुद्दल केव्हाही परत. लकी ड्रॉची भिशी लावलेल्या माणसाला हे फार समजवावं लागणार नाही.

आपल्या काल्पनिक दहा लाख लोकांना तिथे नेऊन बघू. प्रत्येकाने आठवड्याला वीस रुपये ठेवले तर वर्षाला 1,040, सगळ्यांचे मिळून 104 कोटी. तिकिटात घातले असते तर वर्षभरात 52 कोटी बक्षिसं म्हणून परत आले असते आणि 52 कोटी गेले असते. ठेवीत घातले तर 104 कोटी जसेच्या तसे, आणि वर्षभर हळूहळू साचलेल्या या रकमेवर सहा टक्क्यांनी साधारण तीन कोटी व्याज. पहिल्या वर्षाची सरासरी काढली तर दर आठवड्याला सहा लाखांची बक्षिसं वाटता येतील. पुढच्या वर्षी मुद्दल वाढलेलं असेल, म्हणून जास्त.

पण पहिलं बक्षीस तीन-चार लाखांच्या वर जाणार नाही. 25 लाखांच्या पोस्टरशेजारी ते लावलं तर लोक थांबतील का, मला शंका आहे. आणि त्याहून मोठी अडचण मिरजेच्या टेबलावर आहे. या योजनेत मामांना देण्याजोगं 12 टक्के कमिशन कुठूनच निघत नाही, सरकारला 40 टक्के जीएसटीही नाही. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्ये इकनार कोन, सर?"